कोयासानच्या वाटेवर ‘नाते’ स्टेशन: हानाओका सेइशूंचं गाव कसं पाहाल

ओसाकापर्यंत आलेला मराठी माणूस कोयासान या बौद्ध तीर्थाच्या डोंगराचा बेत आखल्याशिवाय राहत नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला, २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, आणि तो डोंगर आपल्या लोकांच्या चांगलाच पायाखालचा झाला. त्याच डोंगराच्या पायथ्याला हाशिमोतो नावाचं स्टेशन आहे. तिथून पश्चिमेला, किनोकावा नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या गाडीत अर्धा तास बसलं की ‘नाते’ नावाचं एक चिमुकलं स्टेशन लागतं. जपानीत या नावाचा आपल्या नात्याशी काही संबंध नाही, पण पाटी वाचून मराठी माणूस हसतोच.

नातेच्या उत्तरेला एका टेकाडावर ‘सेइशू नो सातो’ म्हणजे ‘सेइशूंचं गाव’ आहे. १८०४ मध्ये हानाओका सेइशू या वैद्यांनी इथे एका बाईला पूर्ण गुंगी आणून तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. बॉस्टनमध्ये ईथरनं गुंगी आणण्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं १८४६ मध्ये, म्हणजे त्यानंतर ४२ वर्षांनी. मी इथे तीनदा गेलोय. पहिल्या दोन वेळा जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून हे सगळं लिहितोय.

निघण्याआधी

पहिलं काम, त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे का ते बघा. जपानमधली बहुतेक संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि त्या दिवशी सार्वजनिक सुटी आली तर बंदचा दिवस पुढे सरकतो. वर्षअखेरीला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीलाही बंद असतं. मी पहिल्या वेळी हे न बघता गेलो आणि बंद दाराबाहेर उभा राहून डबा खाऊन परतलो.

दुसरं काम म्हणजे थोडी उजळणी, कारण आतल्या पाट्या बहुतांशी जपानीत आहेत. फोनमध्ये कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अ‍ॅप असू द्या, पण जुन्या वैद्यकातल्या शब्दांपुढे त्याची गाडी अडते. ‘न्यूगान’ शब्दाचं भाषांतर त्यानं मला ‘दुधाचा खडक’ असं दिलं. गंमत म्हणजे ते फारसं चूक नव्हतं. स्तनाच्या कर्करोगाला त्या काळी लिहीतच तसे, स्तनातला खडक. म्हणून चार गोष्टी आधीच डोक्यात ठेवून जा.

सेइशूंचा जन्म १७६० चा, याच खेड्यातला. वडीलही वैद्य. १७८२ मध्ये ते क्योतोला गेले आणि तीन वर्षं शिकले. एका गुरूकडून चिनी परंपरेचं काढे-चूर्णांचं वैद्यक घेतलं, दुसऱ्याकडून डच लोकांकडून आलेली शल्यक्रिया. त्या काळी ही दोन वेगळी घराणी होती आणि एकमेकांकडे नाक मुरडत. सेइशूंचा आग्रह असा की शरीराच्या आतलं आणि बाहेरचं वैद्यक एकच आहे. गावी परतल्यावर त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. रोगी वेदनेनं तडफडत असताना हात खोल चालवता येत नाही, मग त्याला आधी गाढ झोपवता येईल का? हाडं बसवणाऱ्या वैद्यांकडे गुंगीचे जुने काढे होते. त्यांवरून सुरुवात करून, कुत्र्या-मांजरांवर आणि मग माणसांवर प्रयोग करत त्यांनी सुमारे वीस वर्षं घालवली. त्यातून ‘त्सूसेनसान’ हे औषध तयार झालं.

त्यात सहा वनस्पती आहेत. सर्वांत मोठा वाटा धोतऱ्याचा, आणि सोबत बचनागही. हो, तोच धोतरा, महाशिवरात्रीला आपण पिंडीवर वाहतो तो काटेरी फळाचा. जपानीत त्याला ‘चोसेन आसागाओ’ म्हणतात, आणि जुनं नाव ‘मांदारागे’. हे जुनं नाव बौद्ध ग्रंथांतल्या ‘मांदारव’ या स्वर्गीय फुलाचं आहे, संस्कृतातून चीनमार्गे तिकडे पोचलेलं. आपण मंदार म्हणतो ते रुईला किंवा पांगाऱ्याला, त्यांनी ते नाव धोतऱ्याला दिलं. नावं अशीच भटकतात.

तिसरं काम रोख पैशांचं. शहराबाहेर निघालाय, हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी खिशात असू द्या.

कसं पोचायचं

कोयासानहून येत असाल तर केबल कार आणि नानकाई रेल्वेनं हाशिमोतोला उतरा. तिथे जेआरची (जपान रेल्वेची) वाकायामा लाइन पकडा आणि वाकायामाच्या दिशेनं जाणाऱ्या गाडीत बसा. आठवं स्टेशन नाते. ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई कोया लाइननं थेट हाशिमोतोला येऊनही हाच मार्ग घेता येतो.

ओसाकातल्याच तेन्नोजीहून जेआरनं यायचं असेल तर ‘किशूजी रॅपिड’नं वाकायामा गाठायचं. इथे एक सापळा आहे. ही गाडी आणि विमानतळाकडे जाणारी ‘कानकू रॅपिड’ या दोघी हिनेनो स्टेशनपर्यंत एकत्र धावतात आणि तिथे तुटतात. १ ते ४ नंबरचे डबे विमानतळाला जातात, ५ ते ८ वाकायामाला. घोषणा होते, डब्यावरही लिहिलेलं असतं, पण आपण गप्पांत रंगलेले असतो. दुसऱ्या खेपेला मी दोन पाहुण्यांना घेऊन थेट कानसाई विमानतळावर उतरलो होतो. पाहुणे कालच तिथून आले होते. वाकायामाहून नातेला पोचायला पाऊण तासाच्या आसपास लागतो, कोकावाच्या पुढचंच स्टेशन.

वाकायामा लाइनच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दाराचं बटण आपणच दाबायचं असतं, दार आपोआप उघडेल म्हणून उभं राहिलात तर गाडी तुम्हाला घेऊन पुढे जाईल. आणि इकोका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डाचं यंत्र डब्यात बसवलेलं आहे, चढता-उतरता तिथे कार्ड टेकवायचं. दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात. उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्या.

मोटारीनं येणाऱ्यांसाठी केइनावा महामार्गावरचा किनोकावा-हिगाशी फाटा जवळचा. ‘मिचि नो एकि’ म्हणजे रस्त्याकाठचा सरकारमान्य थांबा हाही याच आवारात असल्यामुळे पार्किंगची चिंता नाही. तरी मी म्हणेन, पाय धड असतील तर रेल्वेनंच या. का, ते पुढे येतं.

स्टेशनवरून थेट टेकडीकडे सुटू नका

बहुतेक लोक नातेला उतरून नकाशा लावतात आणि तरातरा चढ चढायला लागतात. थांबा. आधी स्टेशनजवळच, जुन्या यामातो हमरस्त्यावर, इमोसे कुटुंबाचा वाडा बघा. हा ‘होन्जिन’, म्हणजे या भागावर सत्ता असलेल्या किशू संस्थानाचे अधिपती प्रवासात मुक्कामाला उतरत ते घर. राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा म्हणून जतन केलेलं आहे. आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या वाड्याचा जो रुबाब तोच इथे, फक्त लाकडात आणि चटयांत.

हा वाडा सेइशूंच्या पत्नीचं माहेर आहे. त्यांचं नाव काए. अशा घरातली मुलगी टेकाडावरच्या एका खेडवळ वैद्याच्या घरी सून म्हणून गेली. सेइशूंनी औषध माणसांवर अजमावायचं ठरवलं तेव्हा सासू ओत्सुगी आणि सून काए, दोघींनी ते स्वतःवर घेतलं असं सांगतात. काएंची दृष्टी गेली. सासूचा जीव त्यातच गेला असंही सांगतात. १९६० च्या दशकातल्या एका जपानी कादंबरीनं सासू-सुनेच्या या चढाओढीला घराघरात पोचवलं, त्यामुळे आज जपानमध्ये सेइशूंचं नाव काढलं की लोकांना आधी काए आठवतात. त्यातलं खरं किती, रचलेलं किती, यावर अभ्यासकांमध्ये अजून खल चालतो. पण माहेर बघून मग सासर बघायला निघालात तर पुढची चाल वेगळीच वाटते. म्हणून म्हटलं, रेल्वेनं या आणि पायी जा.

वाड्यापासून उत्तरेला वीस-पंचवीस मिनिटांची चाल. चढ आहे, पण सिंहगडाचा नाही, पर्वतीचाही नाही. बाजूला फळबागा. किनोकावा शहर फळांचं: पीच, पर्सिमॉन, अंजीर, हास्साकू नावाचं थोडं कडवट मोसंबीसारखं फळ. मध्ये थांबून मागे वळून बघा. खाली नदीचं खोरं, पलीकडे र्यूमोन डोंगर. त्याचा आकार फुजीसारखा म्हणून त्याला किशूचा फुजी म्हणतात. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी विसरू नका, जुलै-ऑगस्टचा दमटपणा मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकतो.

टेकडीवर

वर पोचल्यावर समोर दिसते ती ‘फ्लॉवर हिल म्युझियम’ची इमारत, वास्तुविशारद कुरोकावा किशो यांनी आखलेली. माहितीचं दालन इथेच. तिकीट काढताना हे दालन आणि शुनरिनकेन म्हणजे सेइशूंचं घर-दवाखाना अशी दोन्ही ठिकाणं धरून मागा, नाहीतर अर्धंच बघून परताल.

दालन मोठं नाही. घाईनं फिरलात तर वीस मिनिटांत संपेल. मी इथे दोन गोष्टींसमोर रेंगाळतो.

एक म्हणजे शस्त्रक्रियेची हत्यारं. चाकू, कात्र्या, वाकडी पाती. यांतली बरीच सेइशूंनी आपल्या कल्पनेप्रमाणे घडवून घेतली. ती इवलीशी पाती बघताना लक्षात येतं की गुंगी हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. रक्त थांबवायचं कसं, जखम शिवायची कशी, धुवायची कशाने, हे सगळं इथे एका खेड्यात बसून सोडवलं गेलं.

दुसरं, पहिल्या रोग्याची हकिगत. तिचं नाव कान, वय ६०, गाव गोजो. हे गोजो आजही याच वाकायामा लाइनवर, हाशिमोतोच्या पलीकडे आहे. तुम्ही ज्या रुळांवरून आलात त्याच खोऱ्यातून ती बाई रेल्वेच्या कितीतरी आधी इथवर आली होती. शस्त्रक्रिया झाली जपानी पंचांगाप्रमाणे दहाव्या महिन्याच्या १३ तारखेला. आपल्या दिनदर्शिकेत ती १४ नोव्हेंबर १८०४ पडते, पण जपानमधल्या भूलतज्ज्ञांनी १३ ऑक्टोबर हाच भूल दिवस ठरवला. सगळं जग १६ ऑक्टोबरला ईथरचा दिवस पाळतं, जपान आपला त्याच्या तीन दिवस आधीच पाळतो. त्यांच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या चिन्हातही धोतऱ्याचं फूल आहे.

कानबाई त्या शस्त्रक्रियेतून जाग्या झाल्या. मात्र सुमारे चार महिन्यांनी त्या वारल्या, कर्करोगानं तोवर हातपाय पसरले असणार. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या यशाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे घाईनं पुढे जातात. सेइशूंनी त्यानंतर दीडशेच्या वर स्तनाच्या कर्करोगाच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतल्या काही जणी पुढे बरीच वर्षं जगल्या.

इथे एक सावधगिरीचा शब्द. सोबतच्या पाहुण्यांना ‘जगातली पहिली भूल’ असं ठोकून सांगू नका. चीनमधल्या हुआ तुओ या वैद्याच्या गुंगीच्या औषधाची दंतकथा याहून कितीतरी जुनी आहे. सेइशूंचं वेगळेपण असं की त्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख, रोग्याचं नाव आणि काय केलं याची लेखी नोंद हाताशी आहे.

शुनरिनकेन: इथे वेळ घालवा

संग्रहालयापासून पायी जवळच शुनरिनकेन आहे. सेइशूंचं घर, दवाखाना आणि शाळा, सगळं एकाच अंगणाभोवती. मुख्य घर आणि कोठार जुनं, बाकीच्या इमारती मूळ जागी पुन्हा उभ्या केलेल्या. माझ्या मते सगळ्या सहलीचा जीव इथे आहे. संग्रहालयाला अर्धा तास आणि याला तासभर असा हिशेब ठेवा.

चढण्यापूर्वी बूट काढायचे, त्यामुळे मोज्यांना भोकं नसावीत हे बघून घ्या. हसू नका, मला लाज वाटली होती. खोल्यांमध्ये माणसाच्या मापाचे पुतळे मांडलेत आणि त्यांच्या तोंडी ध्वनिमुद्रित संवाद आहेत. एका ठिकाणी शस्त्रक्रिया चाललीय, एका ठिकाणी शिष्य औषधं तयार करतायत. पहिल्यांदा अंधाऱ्या खोलीतून अचानक आवाज आला की दचकायला होतं. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. संवाद जपानीत आहेत, पण काए औषधाची वाटी हातात घेऊन बसलेल्या दिसतात तिथे भाषेची गरज पडत नाही.

शिष्यांच्या खोलीत थोडं टेका. जपानच्या जवळजवळ प्रत्येक प्रांतातून हजाराहून अधिक तरुण इथे शिकायला आले. आडगावात! संस्थानाच्या अधिपतींनी सेइशूंना मान दिला, दरबारी वैद्याचं पद दिलं, पण त्यांनी हे टेकाड सोडलं नाही. मरणाच्या दारातून माणूस परत आणण्याची विद्या हवी, उंची वस्त्रं आणि धष्टपुष्ट घोडे कशाला, अशा अर्थाची चार ओळींची कविता त्यांनी लिहिली आणि ती शिष्यांना देत.

मात्र या शिष्यांना एक शपथ घ्यावी लागे: औषधाची कृती बाहेर सांगायची नाही. सेइशूंनी स्वतः त्यावर एकही ग्रंथ छापला नाही. धोतरा आणि बचनाग दोन्ही जहाल, मात्रा चुकली तर रोगी उठायचाच नाही, त्यामुळे ही शपथ समजण्यासारखी आहे. पण त्यात जपानचे दरवाजे परदेशांना जवळजवळ बंद. परिणामी इतकी मोठी गोष्ट त्या समुद्राच्या पलीकडे गेलीच नाही. आणि ईथर-क्लोरोफॉर्म आल्यावर त्सूसेनसान मागे पडलं, कारण काढा पोटात गेल्यावर गुंगी यायला तास-दोन तास आणि उतरायला अर्धा दिवस किंवा त्याहूनही जास्त. आपल्याकडच्या ‘घराण्याचं औषध’ असलेल्या वैद्यांची आठवण मला इथे दर वेळी होते. त्यांच्या तोंडून न निघालेल्या किती कृती त्यांच्यासोबत गेल्या असतील, कुणास ठाऊक.

जवळच हानाओका घराण्याच्या समाध्या आहेत. सेइशू १८३५ मध्ये वारले. दगड साधे. तिथे मोठ्यानं बोलू नये, दगडांना हात लावू नये, फोटो काढायचा झाला तर माणसं नसताना काढावा. या परिसरात ‘काइतो’ नावाचं एक तळंही आहे, दुष्काळात शेतकऱ्यांचे हाल बघून सेइशूंनी स्वतःच्या पैशानं खोदवलेलं. वेळ असेल आणि पाय साथ देत असतील तर विचारत जा.

धोतऱ्याबद्दल एक तंबी

उन्हाळा ते शरद या काळात गेलात तर परिसरात पांढरी, कर्ण्यासारखी फुलं दिसतील. बघा, फोटो काढा, पण तोडू नका आणि मुलांना हाताळू देऊ नका. हात तसाच डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होऊन दिसायला अंधूक होतं. जपानमध्ये धोतऱ्याची मुळं दुसरीच भाजी समजून खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. ‘घरी पण आहे की आमच्या परसात’ म्हणून काढा करून बघणारे महाभाग आपल्यात असतात, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला नको.

खाणं आणि परतीची वाट

आवारातल्या दुकानात स्थानिक फळं, भाज्या आणि लोणची मिळतात. पीचचा हंगाम जून अखेर ते ऑगस्ट, पर्सिमॉनचा शरदात. पीच दाबून बघू नका. आपल्या मंडईची सवय तिथे चालत नाही, बोटाचा डाग पडलेलं फळ विकलं जात नाही आणि दुकानदार काही बोलत नाही, नुसता कसनुसा हसतो. शाकाहारी असाल तर डबा सोबत ठेवा. भाजीच्या सारातसुद्धा माशाचा अर्क असतो.

वेळ उरला तर वाकायामाच्या दिशेला पुढचंच स्टेशन कोकावा आहे. तिथलं कोकावा मंदिर पश्चिम जपानमधल्या कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, ३३ तीर्थांमधलं तिसरं. आणि लहान मुलं कंटाळली असतील तर याच शहराच्या दुसऱ्या टोकाला किशी स्टेशन आहे, जिथे तामा नावाची मांजर स्टेशनमास्तर होती. तिथे जायला मात्र वाकायामाला परत जाऊन वेगळी गाडी पकडावी लागते.

आठवण म्हणून काही न्यायचं असेल तर जपानमधल्या औषधांच्या दुकानात ‘शिउनको’ मागा. तिळाचं तेल, मेण आणि जांभळ्या मुळाचा अर्क असलेलं भाजल्या-चिरल्यावर लावायचं मलम. जुनी चिनी कृती सुधारून सेइशूंनी हे बनवलं आणि ते आजही विकलं जातं. वास तिळाच्या तेलघाण्याची आठवण करून देणारा. रंग गडद जांभळा, आणि कपड्याला लागला की निघत नाही, तेव्हा बॅगेत ठेवताना झाकण दोनदा बघा.